भाकरी खाऊन गेलेली सिस्टर

माझ्याकडे कुणी भुताची गोष्ट घेऊन आलं की मी आधी त्याचा ताप बघते. खरंच सांगते! उभी हयात दवाखान्यात नर्स म्हणून काढली. माणसं जाताना पाहिली, गेलेलं परत येताना एकही पाहिलं नाही. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही मला हसलात तरी राग नाही... तुमच्या जागी असते तर मीही हसले असते.

तर गोष्ट बुऱ्हाणपूरची. राज्यं तोडायची-जोडायची ती वर्षं, छप्पन्न सालानंतरची. कालपर्यंत आमचे कागद नागपूरला जायचे, ते एकदम भोपाळला जायला लागले. बदल्यांचा नुसता धुमाकूळ. आज इंदूरकडची सिस्टर, उद्या ग्वाल्हेरकडची. कुणाची टोपी वेगळी, कुणाचा पट्टा वेगळा. नवा चेहरा दिसला की आम्ही विचारायचोही नाही, आली असेल बदलून म्हणायचं आणि कामाला लागायचं.

मी नागपूरहून ट्रेनिंग करून आलेली, बायकांच्या वॉर्डात. तिथे डोईफोडिया गावची यमुना होती, अठरा-एकोणीस वर्षांची पोर. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड. त्यावरचं नवं औषध निघालं होतं म्हणे, पण आमच्यापर्यंत कुठलं यायला! सगळी मदार नर्सिंगवर. अंग पुसा, कूस बदला, तोंड स्वच्छ ठेवा आणि पातळ पाजा. या तापात आतडी इतकी नाजूक होतात की घनपदार्थाचा एक घास पोटात गेला तर आतडं फाटून माणूस जाऊ शकतं, असं आम्हाला शिकवलेलं. आणि नेमकं ताप उतरायला लागला की भूक खवळते.

यमुनाची भूक खवळली होती आणि तिची सासू गोदाबाई रोज पदराखाली भाकरी लपवून आणत होती. दोनदा मी पकडली. माझा स्वभाव तोफेचा — अख्ख्या वॉर्डासमोर तिला फैलावर घेतलं. तीही कमी नव्हती. "पोरीले उपाशी मारता का व बाई? माय नाही तिले. मी नाही घालणार तर कोण घालीन?"

"तुमच्या भाकरीनंच मरेल ती!" मी ओरडले. गोदाबाई रडत बाहेर गेली. पण उद्या ही पुन्हा येणार, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तापीपलीकडून, जैनाबादहून माणूस आला. बाळंतीण अडली होती, मूल पायाळू. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच जा. इंदूरकडची सिस्टर आज रुजू होतेय, तिला चार्ज द्या आणि निघा." माझा पाय निघेना. मी गेले आणि गोदाबाईनं डाव साधला तर? तेवढ्यात दारात एक पोक्त बाई उभी. कडक इस्त्रीची पांढरी साडी, कमरेला रुंद पट्टा. मी म्हटलं, आल्या एकदाच्या!

खाटेजवळ उभं राहून मी चार्ज दिला. नाडी, ताप, लघवी, पाठीची कातडी, सगळं. तिने शब्दन् शब्द मला परत म्हणून दाखवला. शेवटी मी म्हटलं, "आणि हिची सासू भाकरी आणते. तिला आत सोडूच नका."

ती हसली. "सासूचाही चार्ज दिलात ना मला? मग ती माझ्याकडे लागली. तुम्ही निघा."

जैनाबादची बाळंतीण दुपार कलल्यावर सुटली. आई-बाळ दोघं सुखरूप. नावेत बसले ती मनात यमुनालाच घेऊन. धावतच वॉर्डात शिरले... यमुना शांत झोपलेली. पोट मऊ, पाठ कोरडी, चादरीला सुरकुती नाही. शेजारी गोदाबाई, मांडीवर रिकामं फडकं!

मी फडकं उचलून झटकलं. "भाकरी कुठाय?"

"त्या बाईनं खाल्ली ना," गोदाबाई म्हणाली. "मी फडकं सोडलं, तशी म्हणे, पोरीचं पोट अजून कच्चं आहे, पण भूक मला लागली आहे, मला वाढ. मग उपाशी माणसाले नाही म्हणू का? समदी खाल्ली. म्हणे ठेच्यात मीठ बरोबर पडलं. अन् मंग चमचा मह्याच हाती देल्ला. म्हणे, जवाचं पाणी तूच पाज, तुझ्या हातानं उतरीन."

दिवसभर त्या माउलीनंच चमच्या चमच्यानं पाजलं होतं. मी एवढी ओरडले, त्यातून काय साधलं? मला मेलीला हे का सुचलं नाही!

ती सिस्टर मात्र निघून गेली होती. आयाबाई केसर म्हणाली, "होत्या की आत्तापर्यंत, मी गरम पाणी नेऊन दिलं त्यांना."

दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन इंदूरकडची सिस्टर आली. काटकुळी, माझ्याच वयाची. तिची गाडी चुकली होती, आदल्या दिवशी ती बुऱ्हाणपुरात नव्हतीच. डॉक्टरांनी चौकशी केली, मी केली, गावात तशी सिस्टर कुणाकडेच नव्हती. यमुना स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली आणि मी तो विषय सोडून दिला.

सवय मात्र लागली. कुणी चोरून डबा आणला की मी पेशंटशेजारी बसायचे आणि म्हणायचे, "भूक मला लागली आहे, मला वाढ." सगळ्यांच्या घरचं खाल्लं. काय जाडी झाले म्हणून सांगू! पण सुखात गेली हो नोकरी.

निवृत्त झाल्यावर इथे गावातच, सिंधीपुऱ्यात एका लग्नाला गेले होते. नवऱ्या मुलाची आई माझ्याकडे टक लावून बघत होती. एकदम येऊन तिनं माझे हात धरले. "सिस्टर, ओळखलं नाही ना? खंडव्याच्या दवाखान्यात माझ्या लेकाला मुदतीचा ताप होता. तुम्ही माझी भाकरी खाल्ली आणि चमचा माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी आले तर तुम्ही नव्हता. किती शोधलं!"

खंडव्याच्या दवाखान्याची पायरी मी कधी चढलेली नाही. शिवाय ती ज्या उन्हाळ्याचं सांगत होती, तो उन्हाळा मी पाय मोडून प्लास्टरमध्ये काढला होता, इथे, माझ्या खाटेवर. तुमच्यापैकी कुणाला याचा अर्थ लागला तर मला जरूर सांगा. मला अजून लागलेला नाही.

तिला 'मी नव्हे' म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि बोहल्यावर तो मुलगा धडधाकट उभा, मुंडावळ्या सावरत हसत होता.

मी म्हटलं, "भूक लागली आहे. वाढ मला."