कोलशेतची काळी कौलं

डोंबिवलीहून निघाले तेव्हा आभाळ निरभ्र होतं, आणि मला मेलीला नेमकं वादळ हवं होतं! माझा थोरला भाऊ, दादा, खडवलीला राहतो, ऑक्सिजनच्या मशीनवर. वारा सुटला की तिथली वीज जाते आणि सिलिंडर जोडेपर्यंत आमचा जीव टांगणीला. त्याच्या घरावर सोलर कौलं (काळ्या काचेची, उन्हावर वीज करून बॅटरीत साठवणारी) बसवायची, हा माझा हट्ट. दादाचं पालुपद एकच, "वादळात टिकणार नाहीत. पावसाळे काढलेलं एक तरी घर बघून ये."

ते घर कोलशेतला सापडलं. ठाण्यापर्यंत बस, पुढे रिक्षा. टॉवरांच्या रांगा संपल्या आणि वळणावर एकदम खाडीच समोर आली. काठाला बसकं जुनं घर, वर काळीभोर कौलं लखलखत होती. मी रिक्षातून मान बाहेर काढून बघतच राहिले.

"मॅडम, उतरून बघा ना, मागे ट्रक आहे!" रिक्षावाला ओरडला.

घर जनाबाय आणि तिच्या नवऱ्याचं. त्यांना सगळे बुवा म्हणतात. छपराचं विचारायला आलेल्या बाईला त्यांनी आधी पानावर बसवलं. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलातले छोटे मासे) झणझणीत कालवण. नाक पुसत पुसत मी दुसरी भाकरी मागितली.

तेवढ्यात परतीच्या पावसाने गाठलंच. खाडीवरून वारा असा घुसला की समोरच्या शेडचा पत्रा उडून रस्त्यावर आपटला. वीज कडाडली, गल्लीतले दिवे गेले. आणि आमच्या डोक्यावरचा पंखा? फिरतच राहिला! एक कौल हललं नाही. "अगं बाई!" एवढंच तोंडातून निघालं. दादाचं मशीन असंच चालू राहील, या विचाराने मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

मग टप्पकन थेंब पडला, माझ्या कालवणात.

वर पाहिलं तर एका कौलाला तडा. मी ताट बाजूला सरकवलं. "म्हणजे फुटतात तर!"

जनाबाय पदराआड हसायला लागली. "सांगा ना आता!"

"वाऱ्यान नाय गो बाय," बुवा खाली मान घालून म्हणाले, "माजे पायान."

चाळीस वर्षं दर वैशाखात त्यांनी शाकारणी (पावसाआधी कौलं काढून, साफ करून परत रचणं) केलेली. वर पाय ठेवू नका, असं बसवणाऱ्यांनी बजावलं होतं. पण यंदा वैशाख लागला आणि बुवांना राहवेना. जनाबाय बाजाराला गेल्याचं पाहून ते शिडी लावून चढले. कौलं जागची हलेनात, म्हणून जोर लावायला पाय रोवला तो नेमका कौलावर.

"तीन पावसाली काय झाला नाय," जनाबाय म्हणाली. "यांनी एका दुपारी केला."

संध्याकाळी खडवलीला पोचले. दादाला सगळं सांगितलं, फुटक्या कौलासकट. डॉक्टरांनी मनाई करूनही हा पठ्ठ्या नळी काढून दर वैशाखात शिडीच्या दोन पायऱ्या चढतो, शाकारणी करणाऱ्या गड्यांच्या चुका काढायला!

"पंखा खरंच चालू होता?"

"तुझी शप्पथ."

त्याने नाकातली नळी सारखी केली. "बसव मग." मग त्याने पडवीतल्या बांबूच्या शिडीकडे बोट दाखवलं. "आणि ती डोंबिवलीला घेऊन जा."

टेम्पोतून आणलेली ती शिडी आता माझ्या गॅलरीत आहे. कौलांची मला काळजी नाही. पण वैशाखात दादाचा फोन येणार, आणि तो कितीही गोड बोलला तरी मी शिडी देणार नाही.