आधी तिचा फॉर्म, मग पीकविमा

२६ जुलै. दळणाचे गहू निवडत बसले होते, तेवढ्यात देवगाव रंगारीहून धाकटा भाऊ मुलीला घेऊन आला. इंजिनिअरिंग प्रवेशाचा फॉर्म भरायला दुसरा दिवस शेवटचा होता. मुलीला त्यात पहिल्या क्रमांकावर कॉम्प्युटर टाकायचं होतं. त्याला फॉर्मच भरायचा नव्हता, तालुक्याला कन्नडच्या कॉलेजात बी.ए. कर, म्हणत होता. मी तिची समजूत घालावी म्हणून माझ्याकडे आणलेली.

"कॉम्प्युटर पोरींचं काम नाय, अक्का. लई डोकं लागतं," तो म्हणाला, आणि खिशातला मोबाइल तिच्याकडे न बघताच तिच्या हातात दिला. त्याचा पीकविम्याचा अर्ज राहिला होता. गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज, केवायसी, सातबारा ही पोरगीच काढून देते. त्या कामाला डोकं लागत नसावं.

कॉलेज उशिरा सुटेल, पुढं नोकरीला पुण्याला धाडावं लागेल, लोक काय म्हणतील, अशी त्याची यादी बरीच लांबली. मी मधेच विचारलं, जावई कसला बघतोयस?

"सॉफ्टवेअरचा," तो लगेच म्हणाला. "पुण्याचा."

म्हणजे परक्याच्या मुलाला येते ती हुशारी आणि घरच्या मुलीचा तो हट्ट. मी तिच्या हातातला मोबाइल काढून त्याला परत दिला. अर्ज तूच भर म्हटलं, पुरुषाचं काम आहे. तिच्यापुढे गव्हाचं ताट सरकवलं.

कॅप्चाच्या चित्रातली वाकडी अक्षरं त्याची तीनदा चुकली. चौथ्यांदा जमली, तर पासबुकाचा फोटो चढेना. एक आडवा निघाला, एक उलटा, एक नुसता स्वतःच्या अंगठ्याचा. शेवटी पान आपोआप बंद पडलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"बघ गं जरा," तो तिला म्हणाला. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, एक खडा वेचला आणि बाजूला ठेवला.

"तुमी दोघी मिळून मला छळायल्या, अक्का."

"व्हय," मी म्हणाले.

रात्री जेवून ताटावरून उठताना तो म्हणाला, "टाक तुझं कॉम्प्युटर."

रागात दिलेला शब्द सकाळपर्यंत टिकतो यावर माझा विश्वास नाही. त्यातून फॉर्मचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येणार होता. सकाळी मी तो मोबाइल माझ्या पर्समध्ये टाकला, आधी तिचा फॉर्म, मग तुझा विमा, असं त्याला सांगितलं आणि पोरीला स्कूटीवर बसवून टीव्ही सेंटर चौकातल्या प्रवेश सुविधा केंद्रावर नेलं. छापलेली पावती हातात येईपर्यंत खुर्चीवरून उठले नाही. येताना गिरणीत दळण टाकलं.