तीन नंबरचं उजवं बटण

बायको गेल्यावर घरी बसवेना म्हणून मी पुन्हा गाळ्यात जायला लागलो. गाळा म्हणजे वसई पूर्वेचा एक छोटा कारखाना. पत्रा दाबून कापणाऱ्या पाच पॉवर प्रेस, पंधरा-सोळा माणसं, माल म्हणजे दरवाजाच्या बिजागऱ्या. तिथे मी अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होतो. आता हात कापतात, म्हणून प्रेसला डाय म्हणजे साचे बसवून देतो, तेल बघतो आणि दुपारी जेवून फुलपाड्याला परत येतो. खोलीत शिरलो की पाच मिनिटांत पुन्हा चप्पल घालतो. कुठे जायचं ते काही ठरलेलं नसतं. चंदनसारपर्यंत चालत जातो आणि तसाच मागे फिरतो. मुलगी फोनवर ओरडते, "बाबा, जरा टेकत जा." टेकलं की आठवतं, म्हणून टेकत नाही.

यंदा गाळ्यात नवा कायदा आला. मला कायद्यातलं कळत नाही, मी चौथीपर्यंत शिकलो. गाळ्यात काय काय आलं तेवढं सांगतो. आधी सगळ्यांना नेमणुकीचं पत्र मिळालं. अठ्ठावीस वर्षं राबलो तेव्हा कागद नव्हता, आता निम्मा माणूस उरलोय तर कागद आला. त्यातही वय पाच वर्षांनी कमी लिहिलेलं. मग हेल्मेटं आली, कानात घालायची बोंडं आली, रबरी हातमोजे आले. चाळिशीच्या वरच्या सगळ्यांची फुकट तपासणी झाली. गाळ्याच्या दारात गाडी उभी राहिली आणि एकेकाला आत घेऊन रक्त काढलं, छातीचा फोटो काढला. आमचा वेल्डर बाहेर येऊन म्हणाला, "डॉक्टर विचारतो, नीट ऐकू येतं का. मी म्हटलं, शेठने हाक मारली तर नाही येत, जेवणाची सुट्टी झाली की येतं." सगळे हसले. मीही हसलो. मग वाटलं, ही गाडी दोन वर्षं आधी आली असती तर बायकोलाही त्यात बसवलं असतं. किडनी गेल्याचं आम्हाला अगदी शेवटी कळलं. पण तिला कोण बसवणार होतं? गाळ्याच्या कुठल्याच कागदावर ती कधी नव्हती.

पूर्वी इन्स्पेक्टर येणार हे दोन दिवस आधी कळायचं. मोठे शेठ गाळा झाडून घ्यायचे, दोन प्रेसवर ताडपत्री टाकायचे, चहा व्हायचा, गाडी निघून जायची. मोठे शेठ आता नाहीत. त्यांचा मुलगा बघतो, त्याला आम्ही छोटे शेठ म्हणतो. तो सांगत होता की आता कॉम्प्युटर नाव काढतो म्हणे, कोणाकडे कधी येतील भरवसा नाही. आणि मालकाने आधी स्वतःच लिहून द्यायचं, माझ्याकडे सगळं नीट आहे म्हणून. खोटं निघालं तर मालक अडकणार. म्हणून त्याने फॉर्म भरून द्यायला एक मॅडम बोलावली. माझ्या मुलीपेक्षा लहान, हातात टॅब.

छोटे शेठ मला म्हणाला, "काका, तुम्ही सगळ्यात जुने. कामगारांच्या वतीने सही तुमचीच. मॅडम विचारेल त्याला हो म्हणा, बस्स."

मॅडम पहिल्या प्रेसपासून बघत निघाली. आमच्या प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बटणावर गुंतलेले, साच्यात एकही नाही. बनवणाऱ्याने डोकं लावलेलं आहे. पण दोन्ही हात गुंतले तर माल लावणार कोण? माल लावा, हात काढा, दोन्ही बटणं दाबा, पुन्हा माल काढा. नगावर मजुरी असते, एवढा वेळ कोण घालवणार? म्हणून आमच्याकडे उजवं बटण बांधून ठेवतात. सायकलच्या ट्यूबचं कडं कापायचं, बटणावर लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि कडं वरून ताणून बसवायचं. मग डाव्या हाताने दाबायचं, उजव्याने माल लावायचा. जुन्या मशीनला अक्कल नसते, तिला वाटतं दोन्ही बटणं दाबलेली आहेत.

हे कडं गाळ्यात मी आणलं. दुसऱ्या कोणाचं नाव घेण्यात अर्थ नाही. नवीन माणूस आला की मी त्याला कडं कसं कापायचं ते पहिल्या दिवशी शिकवायचो.

पहिल्या दोन प्रेसवर मॅडमची नजर टॅबवरच होती, तीन नंबरपाशी ती थांबली. त्या प्रेसवर चंदनसारहून येणारी एक बाई आहे, तिशीची, तोंडाने फटकळ, हाताने वीज.

"हे रबर कशाला?" मॅडमने विचारलं.

"बटण सैल आहे ना मॅडम, हलतं," बाई म्हणाली. मान वर न करता.

"काका, बरोबर?" मॅडमने मला विचारलं.

छोटे शेठ माझ्याकडे बघत होता. बाईही बघत होती. तोंडातून हो निघायला काहीच हरकत नव्हती. पण माझी नजर त्या साच्यावर गेली. तो तोच साचा नव्हता, साचे बदलतात. प्रेस मात्र तीच.

माझ्या बायकोचं माहेर सांडोरचं, केळीच्या वाडीतलं. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा ती म्हणाली, मी पन येते गाळ्यात. मोठ्या शेठने तीन नंबर दिला. पहिले चार दिवस ती दोन्ही बटणं दाबून काम करत होती. आजूबाजूच्या बाया तिला डिवचत होत्या, "काय गो, आरती करतेस काय मशीनची?" पाचव्या दिवशी मी घरून कडं कापून नेलं आणि तिच्या प्रेसला माझ्या हाताने बसवलं. तिने विचारलं, "काय होनार तर नाय ना?" मी म्हटलं, "मी बसवलंय ना?"

तीन आठवडे काही झालं नाही. मग उजव्या हाताची दोन बोटं गेली, मधलं आणि त्याच्या शेजारचं.

मोठे शेठ गाडी घेऊन स्वतः आले. वाटेत मला म्हणाले, केस झाली तर गाळ्याला टाळं लागेल, पंधरा घरं बसतील. दवाखान्यात मी सांगितलं की उसाच्या रसाच्या चरकात हात गेला. तिच्यासमोर सांगितलं. पुढे चाळीत तेच पसरलं. लोक चेष्टेने तिला विचारायचे, वहिनी, रसाची गाडी कुठे लावायचात? ती हसून सांगायची, होती एकदा. तांदळाची भाकरी ती शेवटपर्यंत हातावर थापायची. त्या भाकरीवर बोटांचे ठसे उमटायचे, आणि मध्ये दोन बोटांची जागा कोरी राहायची. मी रोज ती भाकरी खात होतो. एकदाच ती म्हणाली, "दुसऱ्या कोनी कडं लावलं असतं तर मी हात घातला नसता." रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर मला बरं झालं असतं.

बोटांनी कोणी मरत नाही, ती किडनीने गेली. हे मी स्वतःला रोज सांगतो.

मॅडम अजून उभीच होती. मी म्हटलं, "बटण सैल नाही. बांधलंय. सगळ्या प्रेसचं बांधलेलं असतं. मीच शिकवलंय."

"काका!" छोटे शेठ म्हणाला.

"आणि याच प्रेसवर माझ्या बायकोची बोटं गेली. चरकात नाही गेली. लिहा."

गाळ्यात मशीनं चालूच होती, पण जवळची दोन थांबली. मॅडमने टॅबवर बोट फिरवलं. म्हणाली, "कधीची गोष्ट?"

मी सांगितलं. अठरा-एकोणीस वर्षं झाली.

"काका, इथे मागच्या वर्षाचाच रकाना आहे," ती म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण रकाना नव्हता. इतकी वर्षं गिळलेलं एकदाचं बाहेर आलं आणि त्याला ठेवायला जागा नव्हती.

छोटे शेठने मला बाजूला घेतलं. "काका, काकू गेल्या त्याचं आम्हालाही दुःख आहे. पण आता हे काढून काय मिळणार? काढतो ना आपण रबर. आत्ताच काढतो."

त्याने ब्लेड मागवलं. मी स्वतः पाचही प्रेसची कडी कापली. मॅडमने फोटो काढले. मी म्हटलं, सही उद्या करतो. छोटे शेठला वाटलं, म्हातारा जरा भावुक झालाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबरला पुन्हा कडं होतं. यावेळी ट्यूबचं नव्हतं. नवे रबरी हातमोजे आले होते ना, त्यातल्या एकाचं मनगट कापून कडं केलं होतं. अगदी नीट बसवलं होतं, मी शिकवल्यासारखं.

"हे काय गं?" मी म्हटलं.

"काका, तुम्हीच शिकवलंत आणि तुम्हीच नाटकं करता? दोन्ही हातांनी निम्मा माल निघतो. घरी तुम्ही येणार का जेवण घेऊन?"

"हात जाईल."

"माझा नाही जात. मी बघून काम करते."

"तीपण बघूनच करायची."

तिने पुढचा माल साच्यात लावला. मग म्हणाली, "काका, मला तुमच्या बायकोबद्दल वाईट वाटतं. पण सरका, उजेड अडतोय."

मी सरकलो तो सरळ भिंतीकडे. तीन नंबरचा फ्यूज ओढला आणि खिशात घातला. प्रेस बंद पडली. बाईने मला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. छोटे शेठ धावत आला.

मी म्हटलं, "कडं कापून काही होत नाही. मी शंभर कापीन, ही शंभर लावेल. एक बटण बांधलेलं असलं तर मशीन चालूच होणार नाही, अशी वायरिंग येते. वेल्डरने दुसऱ्या गाळ्यात बघितलीय. ती लावा. मग सही."

"आणि सही नाही केलीत तर? दुसऱ्याची घेईन."

"घ्या. पण उद्या कॉम्प्युटरमधून तुमची चिठ्ठी निघाली तर मी दारातच उभा असेन. मला आता दुसरं काम नाही."

त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्याच्या बापाने त्या दिवशी गाडीत बघितलं होतं तसंच. फक्त यावेळी मी नजर खाली घातली नाही. बाईला त्याने पॅकिंगला बसवलं, रोजावर. दोन दिवस फ्यूज माझ्या खिशात होता. फुलपाड्याहून चंदनसारला, चंदनसारहून फुलपाड्याला, मी चालत होतो आणि तो मांडीला टोचत होता.

तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. दुपारपर्यंत त्याने पेटी उघडून वायरी बदलल्या, मी शेजारी टॉर्च धरून उभा. काम झाल्यावर मी फ्यूज लावला. बाई आली, आणि कोणी काही बोलायच्या आत तिने खिशातून मोज्याचं कडं काढून उजव्या बटणावर चढवलं. डावं दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग कडं काढून फेकलं, दोन्ही हातांनी दाबलं. प्रेस खाली आली, वर गेली.

"किती हळू होतंय बघा," ती म्हणाली. माझ्याशी अजून सरळ बोलत नव्हती.

"होऊ दे. नगाचा दर वाढवून मागू, मी येतो तुझ्याबरोबर."

"मोठे आले मागणारे," ती म्हणाली, आणि माल लावायला लागली. माल लावायचा, हात बाहेर, दोन्ही बटणं. मी तिचे हात मोजल्यासारखे बघत राहिलो. दहाही बोटं बाहेर होती.

इलेक्ट्रिशियन पक्कड-टेस्टर पिशवीत भरत होता. मी विचारलं, "चार नंबर कधी?"

"शेठ एकाच मशीनचं बोलले."

"शेठला मी सांगतो. तू पेटी उघड."

आणि मी चार नंबरच्या फ्यूजकडे निघालो.