सांताक्रूझ ते पालम

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत विमानात बसलेला माणूस एकच, माझा मोठा भाऊ. दिल्लीत सरकारी अधिकारी होता. घरी आला की गॅलरीत खुर्ची टाकून सगळ्यांना ऐकवायचा, "सातशे मैल ते काय! सांताक्रूझला बसलं की तीन तासांत पालम. आई, तू नुसती हाक मार, जेवायला येतो." वडील गेल्यापासून आईचा सगळा भरवसा त्याच्यावर. तिला ते खरंच वाटायचं.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आमच्या धाकट्याला गोळी लागली. गिरणीत बदली कामगार होता, नुकतं मिसरूड फुटलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा देह इस्पितळातून घरी आणला. खालच्या डॉक्टरांकडून मीच दिल्लीला ट्रंक कॉल लावला. दादा म्हणाला, "निघतो."

आईनं जमलेल्या माणसांना बजावलं, "माझो मोठो झील येतलो. तवसर कोणी हात लावू नकात."

दुपार तापली. मी उशाशी बसून बर्फ बदलत होते. जिन्यावर पाऊल वाजलं की आई मान वर करायची. ऊन कललं तेव्हा शेजारी कुजबुजायला लागले. शेवटी तिनंच 'उचला' म्हणून हात केला. माणसं स्मशानातून परतल्यावर तार आली, रजा मिळाली नाही.

पुढच्या दिवाळीला वहिनी आल्या. चहा पिता पिता सहज बोलून गेल्या, "ऑफिसात यांनी लांबचा नातलग गेला म्हणून सांगितलं. सख्खा भाऊ मोर्चात होता हे कळलं असतं, तर बढती अडकली असती हो."

मी कपबशा उचलून आत नेल्या. आईला हे सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी दादाची वाट बघायला लागले.

राज्य झालं. चाळीच्या पटांगणात धाकट्याच्या फोटोला हार घालायचं ठरलं, पुढारी येणार होते. दादा विमानानं हजर झाला. त्याला सचिवालयात जागा हवी होती. पुढाऱ्यांच्या शेजारी बसला, मग माइकपुढे उभा राहिला. "माझा सख्खा भाऊ! केवळ अंतरामुळे मला त्याचं शेवटचं दर्शन झालं नाही."

बायका डोळे पुसायला लागल्या. मी त्यांच्यातून उठले.

"दादा, दिल्लीहून विमानाला किती वेळ लागतो?"

तो हसला. "खाली बस. नंतर बोलू."

"तीन तास ना? आम्ही त्याला ऊन कलेपर्यंत ठेवला होता. आणि ऑफिसात तू सांगितलंस, लांबचा नातलग गेला. आज सख्खा कसा झाला?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादाचे ओठ हलले, पण माइकमधून नुसता श्वास ऐकू आला. पुढाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि दुसऱ्या सभेचं निमित्त काढून ते उठले. दादा हात जोडून त्यांच्या गाडीपर्यंत गेला. त्यांनी काच खाली केली नाही.

ती जागा त्याला मिळाली नाही. चाळीतही तो पुन्हा आला नाही. मला बरं वाटलं. आजही वाटतं.

आईनं मात्र मला दोन दिवस हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना म्हणाली, "चार माणसांत विचारूचा नव्हता गो."

"मग कुठे विचारायचं होतं?"

ती खडे वेचत राहिली.