अण्णांचे रोमन माझ्याकडे जेवायला

"अण्णा, निम्मी फौज परत पाठवा. धान्य संपत आलंय."

"जेवणाच्या पानावरनं पावणं उठवू व्हय, मास्तर?"

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझा सायबर कॅफे होता, तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. घरोघरी ब्रॉडबँड यायला लागलं होतं आणि कॅफेवाल्यांचे दिवस भरत आले होते. ईमेलवाले गेले, चॅटिंगवाले गेले. उरली ती ऑनलाइन गेम खेळणारी मंडळी.

गेम साधा होता. तुम्हाला एक गाव मिळतं. शेती वाढवायची, घरं बांधायची, सैन्य उभं करायचं आणि जमेल त्याला लुटायचं. कॉम्प्युटर बंद केला तरी गाव चालूच राहतं, त्यामुळे आपलं गाव शाबूत आहे का हे बघायला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतोच. कॅफेवाल्याला आणखी काय पाहिजे?

अण्णा गुळाचे व्यापारी. साठीला टेकलेले, घरी फोनवर कानडी आणि माझ्याशी मराठी. ते यायचे परदेशातल्या मुलाचे ईमेल वाचायला. एकदा शेजारच्या पीसीवर त्यांनी हा गेम बघितला आणि खुर्ची सोडेनात. मी त्यांचं अकाउंट उघडून दिलं. सुरुवातीलाच टोळी निवडावी लागते. जर्मन लुटीला चांगले, गॉल बचावाला चांगले, तिसरे रोमन.

"रोमनांचं काय इशेष?"

"शेताचं काम आणि बांधकाम, दोन्ही एकाच वेळी काढता येतं. बाकीच्यांना एक संपल्याशिवाय दुसरं सुरू करता येत नाही."

"मग हे सोडून दुसरं घेतंय कोण? आमी घर बांधलं तवा ऊस काय वाळवला व्हता?"

झाले अण्णा रोमन. पुढचं मी हळूहळू शिकवलं. रोमनांचं पायदळ भारी, पण तयार व्हायला वेळ आणि खर्च फार. त्यांची तटबंदी सगळ्यांत मजबूत, आणि तिचा फायदा आत असलेल्या प्रत्येक सैनिकाला मिळतो, मग तो दुसऱ्याचा का असेना. व्यापारी मात्र कमी माल उचलतात. हे ऐकून अण्णा खिन्न झाले. "गुळाचा बाजार ह्यांच्या हातात गेला असता तर बोंबच की," म्हणाले.

बघता बघता अण्णांचं गाव मोठं झालं आणि कॅफेतली सगळी मंडळी त्यांच्या गटात आली. तेवढ्यात कसबा बावड्याच्या एका कॅफेतला गट आडवा आला. त्यांचा म्होरक्या विक्रम, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा. त्यानं मेसेज टाकला की तो अण्णांच्या गावावर चालून येणार, आणि हरेल त्या गटानं यापुढे जिंकणाऱ्याच्या कॅफेत येऊन खेळायचं. आमची मंडळी हसली. अण्णा तर लगेच "चालतंय की" म्हणाले. मला हसू आलं नाही. अण्णांचं गाव पडलं तर दुसऱ्या दिवसापासून दुकानात मी आणि माझे पंखे.

हल्ला दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार, असं स्क्रीनवर दिसत होतं. अशा वेळी दोस्त आपलं सैन्य मदतीला पाठवू शकतात. पण एक मेख आहे. सैन्य जिथं मुक्कामाला जातं, तिथलंच धान्य खातं. कोठार रिकामं झालं की उपाशी मरतं. हे मी अण्णांना दोनदा सांगितलं होतं. तरी ते एकेकाला फोन लावत होते. "पलटण न्हाय आली तुमची अजून? लाज वाटू दे की." सगळ्यांनी पाठवली. सकाळी मी कोठार बघितलं आणि मला घाम फुटला. दुपारपर्यंत पुरेल एवढं धान्यच नव्हतं. तेव्हाच मी निम्मी फौज परत पाठवायला सांगितलं, आणि अण्णांनी मला वरचं उत्तर दिलं.

उद्यमनगरातला टर्नर दिलीप शहाणा माणूस. तो म्हणाला, "अण्णा, मी धान्याच्या गाड्या लावतो की."

अण्णा खुर्चीसकट गर्रकन वळले. "जेवायला येताना डबा घिऊन येतोस व्हय रं? आमच्या घराला काय अब्रू हाय का न्हाय?"

दिलीपनं माउसवरचा हात काढून घेतला. मग बाकीच्यांचीही धान्य पाठवायची छाती झाली नाही.

माझं डोकं फिरलं. "अण्णा, असंच चाललं तर पाहुणे उपाशी मरतील. तुमच्याच अंगणात!"

हे मात्र लागलं. अण्णांनी कोठाराचा आकडा परत एकदा बघितला. मग म्हणाले, "घरची माणसं मागनं जेवत्यात." आणि त्यांनी आपलं सगळं रोमन पायदळ गावाबाहेर काढलं.

मी कपाळावर हात मारला. "अहो, रोमन घ्यायचे ते पायदळासाठी! ऐन लढाईत तेच बाहेर?"

"पावण्यांच्या आधी घरच्यांनी पानावर बसायचं न्हाय."

फौज कुठं पाठवली, हे विचारायचं भान मला राहिलं नाही. डोळ्यांपुढे रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. सगळे अण्णांच्या मागे कोंडाळं करून उभे राहिले. दुपारी रिपोर्ट आला. अण्णांनी चष्मा पुसला आणि मलाच वाचायला लावलं. विक्रमची फौज तटबंदीवर आपटून संपली होती. आत एकही रोमन नव्हता, पण भिंत रोमन होती आणि पाहुण्यांची पोटं भरलेली होती. थोडे लोक मागे हटून वाचले, तेवढेच. दिलीपनं मला उचललं. मी चहा सांगितला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं होतं.

चहा पिता पिता मी माझं गाव उघडलं. नवीन गिऱ्हाइकाला गेम शिकवायला मी एक छोटं गाव ठेवलं होतं. कोठार शून्य. माझे होते नव्हते ते सैनिक उपाशी मेलेले. आणि गावात अण्णांचे रोमन मुक्कामाला.

"अण्णा, हे काय?"

"तुमी घरचंच की. घरच्याला काय इचारायचं?"

राग आला आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विक्रमची मंडळी पैजेप्रमाणे खाली माना घालून माझ्या कॅफेत आली. अण्णा उठले, स्वतःची खुर्ची पुढं केली. "या पावणं, बसा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, ह्यांची उरलीसुरली पलटण उपाशी हाय. तुमच्याकडं लावून दिऊ?"

असा गेम खेळायचा असेल तर रोमन जरूर घ्यावेत. शेती आणि बांधकाम बरोबर चालतं, पायदळ कणखर असतं, भिंत तर उत्तमच. फक्त कोल्हापूरच्या रोमनाशेजारी आपलं गाव वसवू नये.