सिफोचं टेस्टिंग

सिफोचे किस्से सांगायला बसलो की मला धास्ती वाटते. माझी स्मरणशक्ती आता भरवशाची राहिलेली नाही. रसायनशास्त्रात डॉक्टरेट असली, तरी कुलूप लावलं की नाही ते पाहायला अर्ध्या वाटेतून परत येणारा माणूस मी! त्यात हे किस्से इतके साठलेत की घडलेलं कुठलं आणि आम्ही वाढवलेलं कुठलं, हेच कळेनासं झालंय.

आमच्या कंपूतल्या मिलिंद जाधवशी माझा एका वाक्यावरून कित्येक वर्षं वाद होता. तो म्हणायचा, "सर, सोनिवलीच्या हळदीत तुम्ही भर मांडवात ओरडला होता." मी म्हणायचो, "अशक्य! मी वर्गातसुद्धा ओरडत नाही." त्या वादाचा निकाल शेवटी सांगतो. आधी सिफो.

*

सिफो दक्षिण आफ्रिकेचा. नव्वदच्या आगेमागे शिष्यवृत्तीवर आमच्या कॉलेजात बी.एस्सी. करायला आला. त्याच्या देशात तेव्हा काळ्या माणसाला धड शिकूही देत नव्हते. प्रिन्सिपॉलांनी मला त्याचा स्थानिक पालक नेमलं. सगळ्यात घाबरट प्राध्यापक जबाबदारीला बरा, असा त्यांचा विचार असावा.

अट एकच होती. नापास झाला की शिष्यवृत्ती बंद, आणि मुलगा परत. त्याच्या आईला मी कळवून बसलो होतो, "पदवी घेऊनच पाठवीन." कळवलं, आणि झोप उडाली!

पहिल्याच महिन्यात पोरगा म्हणाला, "सर, मला डीजे व्हायचंय."

मी विचारलं, "त्याला कुठली पदवी लागते?"

तो इतका हसला, की मला वाटलं आता याला डॉक्टर बोलवावा लागणार.

*

त्याचा टेपरेकॉर्डर बिघडला, तेव्हा मीच त्याला उल्हासनगर कॅम्प दोनला गोपीशेटच्या दुकानात नेलं. गोपीशेट सिंधी. साउंड सर्व्हिसचा धंदा. दुकानात पुढे बसायला दोन स्टुलं आणि मागे छतापर्यंत स्पीकरचे खोके. ते खोके तो स्वतःच बनवायचा आणि वर परदेशी नावाची पट्टी चिकटवायचा.

सिफोने भाबडेपणाने विचारलं, "हे ओरिजिनल आहेत का?"

गोपीशेट शांतपणे म्हणाला, "साईं, ओरिजिनल बिगडा तो जपान जाना पड़ेगा. ये बिगडा तो मैं इधरही बैठा हूँ!"

सिफो त्या स्टुलावर बसला तो चार तास उठला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मिलिंद तिथेच भेटला. दिवसा आनंदनगरच्या फॅक्टरीत लेथवर, सुट्टीच्या दिवशी गोपीशेटचा ऑपरेटर. मीही जायला लागलो. पोरगा नेमका कुठे बसतो हे पालकाला माहीत नको का? हळूहळू मला चहा तिथलाच आवडू लागला.

*

सिफोला हाउस म्युझिक वाजवायचं होतं. म्हणजे एकच ठोका सारखा चालू, आणि त्यावर एकेक आवाज हळूहळू चढत जातो. त्यासाठी दोन रेकॉर्ड प्लेअर शेजारी शेजारी हवेत, आणि रेकॉर्ड हाताने मागेपुढे सरकवता आली पाहिजे. गोपीशेटने भंगारातून दोन वेगवेगळे प्लेअर जुळवले. मिलिंदने बटणं कातून दिली. रेकॉर्डखाली घालायला मऊ फेल्टचं कापड काही मिळेना.

चार दिवसांनी आमच्या सौ.चं शिलाई मशीन अचानक खडखडायला लागलं. खाली बघते तर फेल्ट गायब!

सिफोने लगेच कबुली दिली. ती म्हणाली, "वा रे वा! तिकडे तुझं गाणं गुळगुळीत, आणि इकडे माझा ब्लाउज वाकडा!" मग दुपारी जेवल्याशिवाय सोडला नाही.

*

पहिलं काम उल्हासनगरातल्या एका सिंधी लग्नाचं. सिफो इस्त्रीचा शर्ट घालून उभा. ढम, ढम, ढम, ढम. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पाहुणे खुर्च्यांवर सभ्यपणे बसलेले. कोणी उठेना.

शेवटी नवऱ्यामुलाचे आजोबा काठी टेकत आले आणि गोपीशेटला म्हणाले, "बेटा, टेस्टिंग कब खतम होगी?"

त्या दिवसापासून कॅम्प दोनमध्ये सिफोचं नाव 'टेस्टिंगवाला' पडलं. गोपीशेट चिडला होता. "और ऊपर से हर काम की टेप भरता है! कैसेट क्या झाड़ पे लगती है?" सिफोला ती सवयच होती. एक डेक बाजूला जोडून माइकवर येईल ते सगळं तो टेप करून ठेवायचा. म्हणायचा, "सर, घरी गेल्यावर ऐकेन."

*

चौदा एप्रिलला मिलिंदने त्याला अंबरनाथला आपल्या वस्तीत नेलं. मिरवणुकीच्या गाडीवर गोपीशेटचेच खोके होते, आणि वाजवायला सिफो. मिलिंदची आई गाडीशेजारून चालत होती, पांढरं लुगडं नेसून. सिफोने रथातल्या फोटोकडे बोट करून विचारलं, हे कोण. मिलिंदने त्याला मोडक्या इंग्रजीत बरंच सांगितलं. पाणवठ्याचं, शाळेबाहेर बसवण्याचं, शिकण्याचं.

सिफो म्हणाला, "आमच्याकडे बाकड्यांवर लिहिलेलं असतं, कोणी बसायचं ते."

मिलिंदने ते आईला मराठीत सांगितलं. म्हातारीने सिफोकडे नीट पाहिलं.

"तुमच्याकडं पण?" ती म्हणाली. "मग आवाज वाढव की रे! बारीक काय लावलंस?"

*

तरी गोपीशेटचा राग जाईना. त्याने निर्वाणीचं सांगितलं, "एक आखरी चान्स. सोनिवली की हल्दी. पब्लिक नाची तो तू मेरा डीजे. नहीं तो कॉलेज जाके बाटली धो!"

आणि हळद नेमकी प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी! प्रॅक्टिकल बुडलं की पोरगा नापास, नापास झाला की परत. मी घामाघूम होऊन बदलापूरला उतरलो, रिक्षा केली आणि सोनिवलीच्या मांडवात शिरलो. सिफो म्हणाला, "सर, टेन्शन नाय." मला तेवढंच पुरलं. टेन्शन दुप्पट!

त्याने सुरू केलं. ढम, ढम. आणि मांडवातली सगळी माणसं एकदम गप्प. हळदीचं ताट घेतलेली बाई जागच्या जागी थिजली. कारण हिराबाईने अजून तोंडच उघडलं नव्हतं! हिराबाई म्हणजे गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात तिने गाऊन देवांना आवतण दिल्याशिवाय काही सुरू होत नाही. हे सिफोला कोण सांगणार? मिलिंदलाही ठाऊक नव्हतं.

हिराबाई उठली आणि तरातरा टेबलापाशी आली. "थांब रं पोरा! आदी देवांना बोलवू दे, मंग तुजा ढमढमा!"

सिफोने झटकन बंद केलं. एक शब्द कळला नव्हता, पण सगळं समजलं होतं. त्याने माइक उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला, आमच्याकडे नैवेद्य धरतात तसा. हिराबाईने आयुष्यात कधी माइकवर गायलं नव्हतं. तिने पदर सावरला आणि गायला लागली.

तिसऱ्या-चौथ्या कडव्याला सिफोने तिच्या आवाजाखाली ठोका सोडला. अगदी बारीक. हिराबाईने गाता गाता त्याच्याकडे डोळे वटारले. "हलू वाजव! देव लांबून येतान!"

मिलिंदने कानात अर्थ सांगितला. सिफोने स्पीड कमी केला, आणखी कमी केला, आणि बाईचा पाय हलायला लागला. मग तिच्या मागच्या बायका. मग ताटवाली. मग अख्खा मांडव! गोपीशेट नवरदेवाच्या काकांच्या गळ्यात हात घालून नाचत होता. मी हिराबाईच्या शेजारी उभा राहून घड्याळ बघत होतो. गप्प उभा होतो. निदान मला तरी तसंच आठवत होतं.

*

सिफो प्रॅक्टिकलला वेळेवर पोचला. टायट्रेशन करताना तो फ्लास्क ठोक्यात हलवत होता. बाहेरून आलेले परीक्षक मला म्हणाले, "हा विद्यार्थी नाचतोय का?"

मी म्हटलं, "नाही सर. टेस्टिंग चालू आहे."

पास झाला!

*

पुढे त्याच्या देशात सगळ्यांना मताचा हक्क मिळाला, आणि सिफो पदवी घेऊन घरी गेला. रसायनाची नोकरी केली नाही. आधी अंगणातल्या लग्नांत वाजवलं, मग हॉलमध्ये, मग रेडिओवर. तिथले लोक म्हणत, बाकीचे डीजे पळवतात आणि हा रेंगाळवतो. हे तो अधूनमधून फोन करून सांगायचा. दर वेळी विचारायचा, "हिराबाई कशी आहे?" एका वर्षी मला सांगावं लागलं, की हिराबाई गेली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, एका रविवारी संध्याकाळी फोन वाजला. मागे प्रचंड गलका. "सर, मैदानात आहे. खूप पब्लिक आहे. फोन ठेवू नका, ऐका!"

ढम... ढम... ढम. संथ. आणि त्यावर, जोहान्सबर्गहून, खणखणीत हिराबाई! तीच चाल. मग, "हलू वाजव! देव लांबून येतान!" मी सौ.ला हाक मारली. सौ. कणकेच्या हातांनी धावत आली आणि रिसीव्हरला कान लावून उभी राहिली.

एवढ्यात बाजा थांबला. अगदी चिडीचूप. आणि एक किनरा, भेदरलेला पुरुषी आवाज मराठीत किंचाळला, "सिफो, उद्या प्रॅक्टिकल आहे रे!"

त्यावर अख्खं मैदान, पाठ असल्यासारखं, एका सुरात ओरडलं, "उद्या प्रॅक्टिकल आहे रे!" आणि पुन्हा ढम!

"अहो," सौ. म्हणाली, "हे तर तुम्ही!"

मिलिंदचं खरं होतं.

सिफो फोनवर परत आला. धापा टाकत होता. "सर, इथे सगळे विचारतात, हा माणूस काय म्हणतोय. मी सांगितलंय, लांबच्या देवांना बोलावतोय."