पेन्सिलीतलं विशेषण

आमच्या इंग्रजीच्या बाई शब्दाचा अर्थ कमी सांगायच्या, पुरावा जास्त मागायच्या. नारायण पेठेतल्या त्यांच्या घरी संध्याकाळी आम्हा नोकरदारांचा वर्ग भरे. माणसाला लावलेलं विशेषण वहीत पेन्सिलीने लिहायचं, समोरच्या पानावर त्या माणसाने नेमकं काय केलं ते मांडायचं आणि बाईंना पटलं तरच शब्दावरून पेन फिरवायचं, असा त्यांचा नियम. माझी वही वर्षभर पेन्सिलीतच राहिली.

उशिरा येणाऱ्याला त्या एवढंच म्हणत, "या. घड्याळ घरी विसरलात वाटतं." दुसऱ्या दिवशी तो दहा मिनिटं आधीच हजर असे. मीही त्यातलाच.

मी हडपसरच्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळतो. तिथल्या स्टोअरचे शेखसाहेब माझे मागणीचे कागद सारखे परत पाठवत. त्या वर्षी माणसं कमी करायची होती. मॅनेजरने शेखसाहेबांबद्दल माझ्याकडून इंग्रजीत चार ओळी मागितल्या. मी ऐटीत 'ऑब्स्ट्रक्टिव्ह' लिहिलं आणि मसुदा बाईंपुढे ठेवला.

"अर्थ?"

"अडथळा आणणारा."

"अहो, रस्त्यात पडलेलं झाडही अडथळा आणतं. त्याला आपण दोष देतो का? माणसाला हा शब्द लावलात, की तो मुद्दाम खोडा घालतो असा आरोप झाला. काय केलं त्यांनी?"

"तीनदा कागद परत पाठवले."

"का?"

"एकदा सही राहिली होती. दोनदा नग चुकले होते."

"कोणाकडून?"

बाईंनी खोडरबर पुढे सरकवलं. "घ्या. याची फी नाही."

मला मनापासून लाज वाटली. एका शब्दाने मी एका माणसाला घरी बसवायला निघालो होतो, तेही माझ्याच चुकांसाठी. मी नव्याने लिहिलं, की हे गृहस्थ चूक पुढे जाऊ देत नाहीत. शेखसाहेबांची नोकरी टिकली. माझे कागद आजही परत येतात.

यंदा बाई गेल्या. फोन कारखान्यातच आला. 'बाई गेल्या' एवढंच सांगून मी निघालो, तेव्हा शेखसाहेबांनी माझ्या हातातले कागद काढून घेतले.

"तुम्ही जा, मी बघतो. कोण होत्या तुमच्या?"

"इंग्रजीच्या बाई."

"चांगल्या होत्या?"

"हो," मी म्हणालो. पुरावा माझे कागद हातात धरून समोरच उभा होता. ते त्यांना सांगायचं धाडस मात्र मला झालं नाही.